शनिवारची बादली : पहिली-दुसरीच्या मुलांना समुद्र शिकवतानाचं एक प्रकरण

मी सिंधुदुर्गात, समुद्राला लागून असलेल्या एका गावात पहिली-दुसरीला शिकवते. माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं. टँकर आला की कळशी घेऊन पळायचं, अशा गावात मी वाढले. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीवर रुजू झाल्यावर. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ इथे आहे. ज्या मुलांना मी समुद्र शिकवायला निघाले होते, त्यांना तो माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक होता, आणि हे मला फार उशिरा कळलं.

वर्गात १९ मुलं, वयं सहा ते आठ. निम्म्याहून जास्त घरांची चूल मासळीवर चालते. कुणाचे वडील रापणीला (किनाऱ्यावरून मोठं जाळं गोल टाकून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मासेमारीला) जातात, कुणाचे होडीवर, कुणाची आई बाजारात बसते. बाकीच्यांच्या काजू-आंब्याच्या बागा, कुणाचं दुकान, एकाच्या वडिलांची रिक्षा. शाळेच्या व्हरांड्यात उभं राहिलं की लाटांचा आवाज येतो.

तक्ता

आपल्याकडे परिसर अभ्यास हा विषय तिसरीपासून सुरू होतो. पहिली-दुसरीत समुद्राबद्दल काय घ्यायचं, कसं घ्यायचं, हे बरंचसं शिक्षकाच्या हातात असतं. मी बाजारातून ‘समुद्रातील प्राणी’ असा तक्ता आणून भिंतीवर लावला. निळ्या रंगावर बारा चौकटी, सगळ्या एकाच मापाच्या. त्यामुळे देवमासा आणि समुद्रघोडा एकाच उंचीचे. पेंग्विनही होता. मी पट्टी ठेवून नाव घ्यायचे, मुलं माझ्यामागून म्हणायची.

शार्कवर पट्टी ठेवली तेव्हा मागच्या ओळीतला एक मुलगा उठला. “बाई, ही मोरी. आमच्याकडे काल इली. हेचां मटाण करतत.” वर्ग हसला. मी त्याला बसवलं आणि म्हटलं, “हो, पण पुस्तकात शार्क म्हणतात.” हे वाक्य मी परत घेऊ शकले असते तर बरं झालं असतं. मोरी म्हणजे लहान जातीचा शार्कच. दात विचकणारं ते चित्र आणि आईच्या टोपलीतला मासा एकाच कुळातले आहेत हे त्या पोरानं स्वतःच्या डोळ्यांनी ओळखलं होतं. कल्ल्यांच्या फटी, वर निघालेला पंख, खरखरीत कातडी, यातलं काहीतरी त्यानं पाहिलं असणार. मी त्याला त्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्याच्या शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवला आणि पुढच्या चौकटीकडे गेले.

आठवड्यानं ‘समुद्राचं चित्र काढा’ म्हटलं. बहुतेक कागदांवर निळी पट्टी आणि त्यातून उडी मारणारा डॉल्फिन. दोघांनी पेंग्विन काढला. फक्त एका मुलीनं वेगळंच काढलं होतं : करड्या खडूनं ओबडधोबड ढिगारे आणि त्यांवर पांढरे ठिपके. ही वर्गात फारसं बोलत नसे. विचारलं तर हळूच म्हणाली, “खडप. ह्यां कालवां.” खडप म्हणजे किनाऱ्यावरचे खडक, आणि कालवं म्हणजे त्यांना चिकटून राहणारे शिंपल्यातले जीव. तिची आजी ओहोटीला खडपावर जाऊन कालवं काढते. सगळ्या वर्गात आमच्या गावचा समुद्र काढणारी ती एकटीच होती.

त्या चित्रामुळे मी ठरवलं की मुलांना खडपावर न्यायचं. ठरवलं ते बरोबरच होतं. चूक त्याच्या पुढे झाली.

बादली

फेब्रुवारीतला शनिवार, सकाळची शाळा. भरतीच्या वेळा मी मोबाइलवर शोधत होते तेव्हा एका मुलाचे आजोबा म्हणाले, “बाईनू, तिथी बघा. मोबाइल कित्याक व्हयो?” कोकणात हा हिशेब जुना आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्याआधी सहा-सव्वासहा तासांवर ओहोटी. मुंबईला हा हिशेब चांगला जुळतो, आमच्याकडे दक्षिणेला वेळ थोडी अलीकडे येते. भरती रोज साधारण पाऊण तास उशिरा का सरकते, याचंही उत्तर त्या पाऊणपटीतच आहे. मुलांना पाढे शिकवताना हे मला कधी सुचलं नव्हतं.

पौर्णिमेनंतरच्या चतुर्थीला आठच्या सुमारास आम्ही खडपावर पोचलो. सोबत पाच मोठी माणसं. मी एक लाल प्लास्टिकची बादली नेली होती. मनात असं की मुलं जे शोधतील ते बादलीत ठेवू, वर्गात नेऊ आणि सोमवारी नीट बघू. मुलांनी उत्साहानं भरली : सात-आठ गोगलगायींसारखे शंख, बोटाच्या पेराएवढे दोन खेकडे, ‘रिकामे’ म्हणून उचललेले शंख आणि तळहातातही मावेल असा एक तारामासा. समुद्राचं पाणी घातलं. बादली शाळेच्या व्हरांड्यात ठेवली, वर जाळी बांधली. दुपारी शाळा सुटली. रविवारी कुणीच आलं नाही.

सोमवारी फाटकातच वास आला.

पाणी गढूळ झालेलं, वर पांढुरका थर. तारामासा सैल पडून एका बाजूनं विरघळायला लागला होता. खेकडे उताणे. ज्या शंखांना आम्ही रिकामं समजलो होतो त्यातल्या दोनांतून लाल-करडे पाय अर्धवट बाहेर लोंबत होते. ते शंख रिकामे नव्हतेच, त्यांत शंखवासी खेकडे राहत होते. या खेकड्याच्या शरीराचा मागचा भाग मऊ असतो, कवच नसतं. म्हणून तो मेलेल्या गोगलगायीचा शंख घर म्हणून वापरतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. घाबरला की आत ओढून घेतो, म्हणून आम्हाला रिकामा वाटला.

मुलं बादलीभोवती गोळा झाली. एक छोटी म्हणाली, “बाई, ते निजले काय?”

त्या क्षणी ‘हो’ म्हणणं फार सोपं होतं. सहा वर्षांच्या मुलांना मरण कशाला, असं आपल्याला वाटतं. पण ही मुलं रोज मेलेली मासळी बघतात, हाताळतात. निजलेलं आणि मेलेलं यातला फरक त्यांना माझ्याइतकाच कळतो. मी खोटं बोलले असते तर फक्त माझ्यावरचा विश्वास गेला असता. मी म्हटलं, “नाही, मेले. आपण त्यांना इथे आणलं म्हणून मेले. बाईंची चूक झाली.”

मोरी ओळखणारा मुलगा म्हणाला, “आमीच मारलव तेंका.” मी त्याला दुरुस्त केलं नाही. फक्त एवढं म्हटलं की बादली न्यायचं मी ठरवलं होतं, तुम्ही नाही. लहान मुलांच्या अंगावर मोठ्यांच्या निर्णयाचं ओझं राहू नये, एवढं तरी त्या वेळी सुचलं.

एक जिवंत

पाणी ओतून टाकायला बादली उचलली तेव्हा खडपाचं चित्र काढणारी ती मुलगी पुढे आली आणि बादलीच्या काठाखाली बोट दाखवून ओरडली, “ह्यो जितो आसा!” काठाच्या आत, पाण्याच्या वर चार बोटं, एक वाटाण्याएवढा करडा शंख चिकटून बसला होता. कोरडाठाक. त्याच्या तोंडावर गोल झाकण घट्ट बसलेलं. मला तो मेलेलाच वाटला. तिनं तो खरवडून काढला, आणि आम्ही वाटीत मीठ घातलेलं पाणी करण्याऐवजी एका मोठ्या मुलाला पळत पाठवून समुद्राचं ताजं पाणी आणवलं. वाटीत ठेवला. १९ डोकी वाटीवर. बराच वेळ काही नाही. मग झाकण केसभर सरकलं, एक ओला राखाडी पाय बाहेर आला, आणि मग दोन बारीक शिंगं. कुणीही शिकवलेलं नसताना वर्ग एकदम गप्प झाला.

हा कसा वाचला, हा प्रश्न मी विचारायच्या आधीच तिनं उत्तर दिलं : “तो वयलो आसा. तेका सवय आसा.”

वयलो म्हणजे वरचा. खडपाच्या अगदी वरच्या भागात राहणारा. तिथे भरतीचं पाणी थोडाच वेळ येतं, बाकी वेळ ऊन आणि वारा. तिथले हे छोटे शंख झाकण लावून आत ओल धरून ठेवतात आणि पाण्याविना बराच काळ काढतात. तारामासा राहतो खाली, जिथे पाणी क्वचितच सरतं. त्याच्या हातांच्या खालच्या बाजूला शेकडो बारीक नळ्यांसारखे पाय असतात आणि ते समुद्राच्याच पाण्याच्या दाबावर चालतात. त्याला बादलीत तग धरायची सवयच नाही.

त्या मुलीच्या एका वाक्यानं माझा पाठ बदलला. तोवर मी मुलांना विचारत होते, ‘याचं नाव काय?’ त्या दिवसापासून विचारायला लागले, ‘हा कुठे राहतो?’ नाव माझ्याकडे असतं, तक्त्यावर असतं. कुठे राहतो हे फक्त बघून कळतं, आणि सहा वर्षांच्या मुलाचे डोळे खडपाच्या खूप जवळ असतात. एकदा जागा कळली की तो काय खातो, त्याला ऊन का चालत नाही, तो चिकटून का बसतो, हे सगळं मुलं स्वतः ओढून काढतात. नाव नंतर सांगितलं तरी चालतं, ते पटकन बसतं.

पाणी कशानं बिघडलं

पण ‘सवय नाही’ हे उत्तर अर्धंच होतं. दुसऱ्या दिवशी दोन भांड्यांत समुद्राचं पाणी आणलं, प्राणी एकही नाही. एक लाल बादली व्हरांड्यात ऊन येतं तिथे, दुसरं मातीचं मडकं वर्गाच्या कोपऱ्यात सावलीत. साडेदहाला, बाराला आणि तीनला प्रत्येकानं दोन्हीत हात बुडवायचा. तीनला सगळे एकदम म्हणाले, “पाणी तापलां!” एकानं बादलीतला हात लगेच मागे घेतला.

मग मी सांगितलं ते असं : आपण हवेतून श्वास घेतो, खेकडे आणि मासे पाण्यात विरलेली हवा घेतात. थंड पाण्यात ती जास्त मावते, तापलेल्या पाण्यात कमी. बादली लहान, पाणी थोडं, ऊन मोठं, आणि जीव बरेच. त्यात एक मेला की तो सडायला लागतो आणि सडणंही उरलेली हवा खाऊन टाकतं. म्हणून एकामागोमाग सगळे गेले. एका मुलानं विचारलं, “खडपातल्या डबक्यांत पण पाणी तापता, मग?” फार मोलाचा प्रश्न. मी त्यालाच विचारलं की डबक्यात पुढे काय होतं? “भरती येता,” तो म्हणाला. बादलीला भरती येत नाही, एवढंच मी त्याला जोडून दिलं.

मग बाबा मासे मारतात ते?

हा प्रश्न येणारच होता, आणि याची तयारी मी केलेली नव्हती. होडीवाल्याच्या मुलानं विचारला, तोही आरोप म्हणून नाही, खरोखर कळेना म्हणून. बादलीतले मेले तर बाई रडवेल्या होतात. घरी रोज टोपलीभर येतात, त्याचं काय?

किनाऱ्यावरच्या मुलांना समुद्री जीवांवर प्रेम करायला शिकवणाऱ्या माणसानं इथे फार जपून पाऊल टाकायला हवं. ‘प्राण्यांना मारू नये’ एवढं म्हणून गप्प बसलो तर आपण त्या मुलाला त्याच्या बापाच्या धंद्याची लाज शिकवतो. शहरातून आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून असं बोलणं मी ऐकलेलं आहे, आणि मुलांचे चेहरे पाहिलेले आहेत. मी उत्तर दिलं नाही. तिथीवाल्या आजोबांना बोलावलं. ते आयुष्यभर रापणीला गेलेले.

ते मुलांमध्ये मांडी घालून बसले. जाळ्यात बारकी पिल्लं आली तर काय करायचं ते सांगितलं : “बारकी पिलां सोडूची. ती मोठी होतली तेवा आपलीच.” पावसाळ्यात होड्या ओढून का ठेवतात ते सांगितलं. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. समुद्र खवळलेला असतो हे एक कारण, आणि बऱ्याच माशांचा तो अंडी घालायचा काळ, हे दुसरं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ का वाहायचा हे त्यांनी सांगितलं तेव्हा मुलांना त्या सणाचं नवल वाटलं नाही. ती दरवर्षी जातात. नवल वाटलं ते बंदी आणि सण एकमेकांना लागून येतात याचं.

आजोबांनी बादलीबद्दल काहीच बोलायचं नाही असं ठरवलं असावं. पण जाताना एका मुलीनं विचारलं, “आजोबा, बादलीतले मेले ते कोणी खाल्ल्यानी?” ते म्हणाले, “कोणीच नाय. फुकट गेले.” मुलांना फरक तिथेच कळला. मी त्यावर काही बोलले नाही.

दुसरी फेरी

पुढच्या ओहोटीला पुन्हा गेलो, बादलीशिवाय. नियम मुलांनीच सांगितले, मी फळ्यावर लिहिले. उचलायचं नाही, बघायचं. दगड उलटला तर होता तसाच हळू परत ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या बाजूला सावलीत राहणारे असतात. रिकामा दिसला तरी शंख खिशात नाही. समुद्राकडे पाठ करायची नाही, हा मात्र एका आईनं सांगितलेला नियम. ती येण्याआधी विरोधच करत होती. समुद्र ही खेळायची जागा नाही, असं तिचं म्हणणं, आणि ज्या घरातलं माणूस रोज पाण्यावर असतं त्या घरानं असं म्हणणं स्वाभाविक आहे. ती स्वतः सोबत आली, सर्वांत पुढे उभी राहिली. न उचलण्याचा नियम मुलांच्याही भल्याचा आहे : शंकूच्या आकाराच्या काही शंखांतला जीव विषारी डंख मारतो, आणि पाकट या चपट्या माशाच्या शेपटीचा काटा काय करतो हे आमच्या गावात सांगावं लागत नाही.

दोघादोघांना हातभर दोरीचं एक रिंगण दिलं. ते खडपावर कुठेही टाकायचं आणि दहा मिनिटं फक्त त्याच्या आतच बघायचं. तक्त्यावर बारा प्राणी होते. एका जोडीनं तेवढ्याशा रिंगणात आठ मोजले, त्यात हिरव्या शेवाळात लपलेला, नखाएवढा खेकडा. डबक्याकाठी बसलेल्या जोडीनं एक शंखवासी खेकडा पाहिला. आधी नुसता शंख. मुलांची सावली पडली म्हणून तो आत गेलेला. दोघं मागे सरकली, श्वास रोखून बसली. पहिल्यांदा दोन मिशा आल्या, मग एक पाय, मग शंख चालायला लागला. “बाई, घर घेवन चलता!” ही ओरड अख्ख्या किनाऱ्यानं ऐकली.

वर्गात आल्यावर भिंतीवर तीन लांब पट्ट्या चिकटवल्या : वयलो, मदलो, सकयलो. मुलं रोज काहीतरी काढून योग्य पट्टीवर लावतात. मधल्या पट्टीवर पायाला टोचणारे पांढरे बार्नेकल (खडकाला चिकटून राहणारे कवचातले छोटे जीव) आणि कालवं, खालच्या पट्टीवर पाकळ्या मिटून घेणारं समुद्रफूल (नावाला फूल, पण प्राणीच) आणि तारामासा.

तारामाशावरून एक दिवस वाद झाला, तो मासा आहे की नाही. आपल्या भाषेनं इथे मुलांची मोठी पंचाईत केली आहे. तारामासा मासा नाही, देवमासा मासा नाही, जेलीफिशही मासा नाही. सांगून हे पटत नाही, म्हणून मी घरून जेवणानंतरचे काटे धुऊन आणायला सांगितले. बांगड्याच्या कण्यावर बोट फिरवायचं, मग खेकड्याच्या पाठीवर. म्हाकुळाच्या (कटलफिशच्या) अंगातला पांढरा, हलका, बोटानं खरवडला तर पीठ होणारा समुद्रफेस कुणीतरी आणला. तो हाड आहे की शिंपला, यावर अर्धा तास गेला. पाण्यात टाकला तर तरंगला. आत बारीक बारीक कप्पे असतात आणि त्यांच्या मदतीनं म्हाकूळ पाण्यात वर-खाली होतो. समुद्रफेस खरं तर शिंपल्याचाच प्रकार, फक्त अंगाच्या आत. देवमाशाचं मात्र मला सांगावंच लागलं, तो श्वास घ्यायला वर येतो आणि पिल्लाला दूध पाजतो.

एक अडचण अजून आहे. वर्गात मोजायला शंख-शिंपल्यांचा डबा होता. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, तेही किनाऱ्यावरचंच गाव, बालवाडी सुरू केली. परिसरात मिळेल ते साधन, ही त्यांची शिकवण मी मनापासून मानते. पण शंखवासी खेकडा पाहिल्यावर मुलं म्हणाली, डबा परत नेऊया. नेला. आता चिंचोके आणि काजूच्या बिया मोजतो. चिंचोके बरे, पण काजूच्या बिया चिकट असतात आणि कमी होत जातात.

सगळं सुधारलं असं नाही. एक मुलगा अजूनही समुद्रफुलात काडी घालतो, ते मिटतं ते बघायला. त्याला सांगितलं की मिटलं म्हणजे त्याचं जेवण थांबलं. काडी दोन दिवस बंद राहिली, पुन्हा सुरू झाली. बादलीच्या आठवणीनं एक मुलगी पुढे बरेच दिवस घरच्या मासळीलाही हात लावेना. तिच्या आईशी मला दोनदा बोलावं लागलं, आणि मुलीला घेऊन आजोबांकडेही जावं लागलं. त्या सोमवारची किंमत तिनं जास्त मोजली.

वाटीतला तो वयलो शंख आम्ही त्याच दिवशी दुपारी परत नेला. ज्या खडपावरून आणला तो नेमका कुठला, हे मला आठवेना. खडप काढणारी मुलगी न थांबता चालत गेली, एका कपारीजवळ बसली आणि तिथे ठेवला. तो लगेच चिकटला नाही. घरंगळला. तिनं पुन्हा ठेवला, बोटानं धरून बसून राहिली. पाणी चढायला लागलं होतं, मी दोनदा हाक मारली. “थांबा ओ बाई,” ती म्हणाली, “अजून धरूक नाय.”